वाळलेले झाड, क्रेन आणि माणसाचा जीव



पावसाळा जवळ आला की घराभोवतालच्या वाळलेल्या झाडांची आपल्याला आठवण होते. वर्षभर ते झाड तिथेच उभे असते, पण त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. मग वळवाच्या पहिल्या वाऱ्यात एखादी फांदी कौलांवर आदळते आणि घरधनी लाकूडतोड्याच्या नाहीतर नारळ पाडणाऱ्या पाडेल्याच्या शोधात निघतो. मजुरी ठरते. कमरेला सुताचा दोर, हातात कोयता, अलीकडे पेट्रोलवर चालणारी करवत, एवढ्या सामानावर एक माणूस मेलेल्या झाडावर चढतो. खाली उभे असलेले आपण "सांभाळून रे बाबा" म्हणतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो.

शेती व आरोग्य या पानावर आज याच विषयाचा पाठ घेऊ. माझे सांगणे थोडक्यात असे की, मेलेल्या झाडावर माणूस चढवू नये. मोकळ्या जागेतले झाड जमिनीवर उभे राहून पाडता येते. पण घर, भिंत, रस्ता किंवा विजेची तार जवळ असेल, तर ते क्रेनने धरून, वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवावे. क्रेन बोलावली म्हणजे धोका संपला असे मात्र नाही. क्रेनचे स्वतःचे काही नियम आहेत. ते न कळता तिला अंगणात आणणे म्हणजे एक धोका घालवून दुसरा विकत घेणे होय.

मेलेले झाड वेगळे का?

जिवंत झाडाच्या लाकडात ओलावा व चिवटपणा असतो. फांदीवर भार आला की ती आधी वाकते, करकरते, चढणाऱ्याला इशारा देते. मेलेल्या झाडात हा इशारा नाहीसा होतो. बुरशीने लाकूड कुजू लागले की सर्वांत आधी जातो तो हा चिवटपणा. वजन फारसे घटलेले नसते, रंगही फार बदललेला नसतो, तरी झटका सोसण्याची ताकद गेलेली असते. म्हणून वरून ठणठणीत दिसणारी फांदी खडूसारखी एकाएकी तुटते. शिवाय चढणाऱ्याने आपला दोर बांधलेला असतो तो त्याच झाडाला! वरचा तुकडा तोडून खाली ढकलला की सगळे खोड थरथरते. जिवंत खोड ती थरथर पचवते, मेलेले कधी कधी बुंध्यातूनच मोडते.

परदेशात ही गोष्ट लोकांनी मोठी किंमत देऊन शिकून घेतली. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००२ साली एक हिरवा चमकदार भुंगा सापडला. ॲश नावाच्या झाडाची साल पोखरणारा हा भुंगा आशियातून आलेला होता. त्याने कोट्यवधी झाडे मारली. इंग्लंडमध्ये याच जातीच्या झाडावर २०१२ साली एक बुरशीरोग आढळला व तोही देशभर पसरला. रस्त्याच्या कडेची, शाळांजवळची, चर्चच्या आवारातली झाडे उभ्या उभ्या मेली. ॲशचे लाकूड एरवी इतके चिवट की त्याचे कुदळीचे दांडे करतात. पण मेल्यावर ते ठिसूळ होते. जन्मभर दोराने झाडावर चढणारी तिथली तरबेज माणसेही या झाडांवर चढायला नको म्हणू लागली. तेव्हापासून अशा कामांत क्रेन आणि माणसाला वर नेणारी पाळण्याची गाडी यांचा वापर तिकडे फार वाढला.

आपल्याकडे आंबा मरतो तो बहुधा भिरुडाने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याने. माड मरतो सोंड्या भुंग्याने, कोंब कुजण्याने किंवा वीज पडल्याने. कारण वेगळे असले तरी मेल्यानंतरचा ठिसूळपणा तोच.

झाड खरोखर मेले आहे का, हे आधी पाहावे. सावर, पांगारा, साग ही झाडे उन्हाळ्याच्या आधी पाने गाळून उघडी होतात. ती मेलेली नव्हेत. चाकूच्या टोकाने साल थोडी खरवडावी. आत हिरवे-ओले दिसले तर जीव आहे. चार-पाच ठिकाणी खरवडून सगळीकडे तपकिरी-कोरडे निघाले तर झाड गेले. नंतर बुंध्याभोवती फिरावे. जमिनीलगत खोडावर पंख्यासारखी कडक अळंबी आली असेल तर मुळे कुजल्याचे ते लक्षण असते. लाकडी हातोड्याने खोडावर सगळीकडून ठोकावे. पोकळ जागी ढोलासारखा आवाज येतो. एका बाजूची माती फुगली असेल, तिला भेग पडली असेल, किंवा झाड गेल्या वर्षीपेक्षा अधिक कलले असेल, तर त्याच्या खालून माणसांची व जनावरांची वाट लगेच बंद करावी आणि मगच पुढचा विचार करावा.

धर्मशास्त्रात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाविषयीचा नियम आहे. बैलाने पहिल्यांदाच कोणाला मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर दोष मालकाचा. वाळके झाड आपल्या आवारात उभे आहे, शेजाऱ्याने दोनदा सांगितले आहे, आणि आपण "बघू पुढच्या वर्षी" म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या मालकात मोडतो ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि त्याच झाडावर दोन-चारशे रुपये वाचावेत म्हणून दुसऱ्याच्या मुलाला चढवतो, त्याला काय म्हणावे?

एक गोष्ट मात्र उलट बाजूनेही सांगावयास हवी. प्रत्येक वाळके झाड तोडलेच पाहिजे असे नाही. शेताच्या कोपऱ्यात, जिथे कोणी जात-येत नाही, तिथे ते उभे राहिले तर बिघडत नाही. त्याच्या ढोलीत घुबड व पिंगळे राहतात आणि शेतातले उंदीर खातात. सुतार पक्षी वाळलेल्या लाकडातले किडे टिपतो. क्रेनचा खर्च घर, वाट, गोठा, तार यांच्याजवळच्या झाडासाठी ठेवावा. माड मात्र याला अपवाद आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

परवानगी

झाड आपले, जमीन आपली, म्हणून कुऱ्हाड लावता येत नाही. कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मेलेल्या अथवा जीविताला धोका असलेल्या झाडासाठी परवानगी मिळणे अवघड नसते. अर्जात धोका कशाला आहे ते लिहावे आणि झाडाचे फोटो व जमिनीचा उतारा जोडावा. हे काम मार्चमध्ये करावे. मे महिन्यात सगळेच धावतात.

कोणती क्रेन?

आपल्या गावांत 'क्रेन' म्हटले की हायड्रा येते. पुढे लांब बूम असलेली आणि ओझे घेऊन चालणारी ती गाडी सर्वांनी पाहिली आहे. विहिरीचा पंप काढायला, पाइप उचलायला ती चांगली. झाडाच्या कामाला ती फारशी योग्य नाही. तिचा बूम एकटा डावी-उजवीकडे फिरत नाही, सगळी गाडीच वळवावी लागते. बहुतेक हायड्रांना बाजूला टेकवायचे पाय नसतात. बूम पुढे वाढवून, वरती लाकूड झुलत असताना, खडबडीत अंगणात ती चालवली की कलंडण्याची भीती असते. जमिनीवर पडलेले ओंडके उचलून ट्रकमध्ये भरायला तिला जरूर बोलवावे. उभे झाड उतरवायला मात्र ट्रकवर बसवलेली, चारही बाजूंना पाय टेकणारी, बूम गोल फिरणारी क्रेन हवी. भाडे जास्त पडते हे खरे. क्रेनवाले बहुधा ठरावीक तासांचे किमान भाडे आणि येण्याजाण्याचा खर्च घेतात, म्हणून वाड्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा.

क्रेन ठरवताना मालकाला चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राची सक्षम तपासनिसाकडून वर्षाच्या आत झालेली तपासणी, तिचा कागद. विमा, त्यात दुसऱ्याच्या घराचे व माणसाचे नुकसान धरलेले आहे की नाही. चालकाचा परवाना. आणि क्रेनचा भारतक्ता. चौथ्या प्रश्नावर जो हसेल त्याची क्रेन घेऊ नये.

'बारा टन' म्हणजे काय?

क्रेनवर बारा टन लिहिले आहे म्हणून ती कुठूनही बारा टन उचलते, असा बहुतेकांचा समज असतो. पाण्याने भरलेली घागर छातीशी धरून पाहा, नंतर तीच हात लांब करून धरून पाहा. क्रेनचेही तसेच. लिहिलेला आकडा ओझे क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा. क्रेन फिरते त्या मध्यापासून ओझे तिप्पट लांब गेले की उचलण्याची ताकद एक तृतीयांशावर येते. आणि बूमचे स्वतःचेही वजन असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. किती अंतरावर किती उचलावे हे भारतक्त्यात लिहिलेले असते. घरामागच्या झाडासाठी घरावरून बूम न्यावा लागतो, तेव्हा अंतर सहज दहा-बारा मीटर होते. तिथे 'बारा टन'वाली क्रेन एखाद-दोन टनांवर आलेली असते. आधी टेपने अंतर मोजावे, मग तक्ता पाहावा, मग तुकडा किती मोठा कापायचा ते ठरवावे. आपल्याकडे नेमके उलट होते. आधी कापतात, मग उचलते का पाहतात.

तुकड्याचे वजन काढणे सोपे आहे. आठवी-नववीतली मुलेही काढतील, त्यांनाच सांगावे. खोडाचा घेर फुटांत मोजावा. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने गुणावे, आलेल्या संख्येला साडेबाराने भागावे. हे झाले घनफूट. एका घनफुटाला २८ किलो धरावे. समजा, दफनभूमीच्या भिंतीलगत एक वाळलेला आंबा आहे. त्याच्या बुंध्याचा घेर ८ फूट आणि आपल्याला १० फुटांचा तुकडा काढायचा आहे. आठ आठे चौसष्ट, गुणिले दहा, म्हणजे ६४०. भागिले साडेबारा, म्हणजे ५१ घनफूट. गुणिले २८, म्हणजे १,४२८ किलो. दीड टन धरा. तीच क्रेन त्या अंतरावर एकच टन उचलत असेल तर तुकडा पाच फुटांचा कापावा.

इथे एक सावधगिरी. लाकडाचे व्यापारी घनफूट काढताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात. त्या हिशेबाने वरचाच ओंडका ४० घनफूट भरतो, म्हणजे खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक कमी! सौद्यासाठी ती पद्धत चालत आलेली आहे, चालू द्या. क्रेनला मात्र तो आकडा कधीही सांगू नये.

कोणी म्हणेल, वाळलेले लाकूड हलके असते, मग २८ किलो कशाला? आंब्याचे पुरते सुकलेले लाकूड हलके असते हे बरोबर. पण एक पावसाळा उभ्याने भिजलेल्या झाडात पाणी मुरलेले असते, ढोलीत वाळवीची माती भरलेली असते, आणि आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. जास्त धरलेले वजन कोणाला मारीत नाही. यावरही माझा आग्रह असा की, तक्त्यातल्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त ओझे झाडाच्या कामात घेऊ नये.

जमीन

क्रेनचे सगळे वजन आणि ओझे तिच्या चार पायांवर येते, कधी कधी एका पायावर सर्वाधिक. जांभ्या दगडाची जमीन चांगली. काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते आणि एका पावसात लोणी होते. पायांखाली जाड, रुंद लाकडी फळ्या अथवा रेल्वेचे जुने स्लीपर आडवे घालावेत. विटा व दगडाचे तुकडे घालू नयेत, ते फुटतात. शौचालयाची टाकी, शोषखड्डा, बुजवलेली विहीर, पाण्याची मोरी कुठे आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चुन्याने खुणा कराव्यात. त्या जागा नव्या सुनेला आणि क्रेनवाल्याला ठाऊक नसतात. उघड्या विहिरीपासून निदान ती जितकी खोल तितके दूर राहावे.

दफनभूमीत तर विशेष काळजी घ्यावी. जुन्या कबरींखाली माती पोकळ असते. त्यांवर क्रेनचा पाय अथवा चाक आले तर कबर खचेल आणि क्रेनही कलंडेल. दोन नोव्हेंबरच्या मृतविश्वासीयांच्या दिवसापूर्वी सफाई करताना अनेक ठिकाणी वाळकी झाडे डोळ्यांत भरतात. तेव्हाच काढावीत अशी लोकांची घाई असते. पण ऑक्टोबर अखेर माती अजून ओली असते. ते काम जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबवावे, तोवर झाडाखालच्या भागाला दोरी बांधून वाट बंद ठेवावी, आणि त्या बाजूच्या कबरींचे आशीर्वाद दुरून द्यावेत. आपले पूर्वज रागावणार नाहीत.

विजेची तार

क्रेनच्या कामात विजेच्या तारेपेक्षा मोठा वैरी नाही. बूमने तारेला स्पर्शच केला पाहिजे असे नाही. उच्च दाबाची वीज थोड्या अंतरावरूनही झेप घेते. झाडाजवळून तार जात असेल तर बेळगाव भागात हेस्कॉमकडे आणि गोव्यात वीज खात्याकडे लेखी अर्ज देऊन लाइन बंद करून घ्यावी. वायरमनने स्वतः येऊन लाइन बंद असल्याचे तपासून, तिला अर्थिंग लावून "झाले" म्हटल्याशिवाय बूम उचलू नये. "अकरा वाजता लाइट जातेच, तेव्हा करू" असे म्हणणारे लोक आहेत. गेलेली लाइट कोणालाही न सांगता परत येते. शेजारच्या जनरेटरमधून अथवा छतावरच्या सौर संचातूनही तारेत वीज उलटी येऊ शकते, म्हणूनच अर्थिंग लागते. लाइन दूर असेल व चालू ठेवायची असेल तर क्रेनचा कोणताही भाग, दोर आणि झुलणारे लाकूड धरून, तारेपासून निदान तीन मीटर दूर राहील अशी व्यवस्था हवी. मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारांजवळ हे अंतर पुरत नाही, तिथे खात्याला विचारल्याशिवाय कामच करू नये.

चुकून बूम तारेला लागलाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि बूम हलवता आला तर दूर न्यावा. खालच्या कोणीही गाडीला हात लावू नये, जवळही जाऊ नये. गाडीला आग लागली तरच चालकाने दोन्ही पाय जुळवून, गाडीला न धरता, बाहेर उडी मारावी आणि पाय जुळलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारीत दूर जावे. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श झाला तर वीज शरीरातून जाते. पाय फाकवून चालल्यानेही जाते, कारण भोवतालच्या जमिनीतही वीज पसरलेली असते.

कामाचा दिवस

वळवाचा वारा दुपारनंतर सुटतो, म्हणून काम सकाळी सुरू करून दुपारपूर्वी आटोपावे. आदल्या संध्याकाळी ढोलीत मधमाश्या अथवा गांधीलमाश्या आहेत का ते पाहावे. करवतीच्या आवाजाने त्या उठल्या तर वर असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर सगळीकडून दोरी बांधावी आणि मुलांना, कुत्र्यांना, बघ्यांना बाहेर ठेवावे. घर झाडाच्या टप्प्यात असेल तर तेही रिकामे करावे. आजीबाई "मी आत खाटेवर पडून राहते" म्हणाल्या तरी त्यांना शेजारी नेऊन बसवावे.

कापणारा माणूस झाडावर नको आणि क्रेनच्या हुकालाही लटकलेला नको. त्याच्यासाठी वेगळी पाळण्याची गाडी हवी, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला येते तशी. पाळण्यात उभे असतानाही त्याने अंगावर पट्ट्यांचा हार्नेस घालून तो पाळण्याच्या कडीला अडकवावा. डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. करवत चालवणाऱ्याने आदल्या रात्रीपासून दारूला शिवू नये. "एक घोट घेतला की उंचीची भीती जाते" असे म्हणतात. भीती जाते हे खरे, आणि तोच तर धोका.

लाकडाला बेल्ट बांधताना मेलेल्या झाडाचा एक खास दोष ध्यानात ठेवावा. त्याची साल आतून सुटलेली असते. सालीवर बेल्ट आवळला तर साल मोज्यासारखी निघून येते व ओंडका निसटतो. म्हणून बेल्ट जिथे बसणार तिथली साल आधी खरवडून काढावी आणि बेल्टचे दोन वेढे घ्यावेत. बेल्टचा रंग त्याची ताकद सांगतो. जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पण ही ताकद सरळ उचलतानाची. फास करून आवळला की ती दहातली आठच उरते. फाटलेला, गाठ मारलेला, उन्हाने कडक झालेला बेल्ट रंग कोणताही असो, बाद करावा. बेल्ट तुकड्याच्या मध्याच्या बराच वर बांधावा, म्हणजे कापल्यावर जड बाजू खाली राहते आणि तुकडा उलटत नाही. आडव्या फांदीला दोन बेल्ट, दोन ठिकाणी.

मग क्रेनने दोर नुसता ताणून घ्यावा. किती? तुकड्याच्या वजनाइतका. ढिला ठेवला तर कापलेला तुकडा फूटभर खाली येऊन हिसका देतो, आणि हिसक्याचा भार तुकड्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. फार ताणला तर तुकडा सुटताक्षणी वर उसळतो व पाळण्यातल्या माणसावर येतो. हुक तुकड्याच्या अगदी डोक्यावर, ओळंब्यात असावा. काप पुरा झाला की करवत बंद, पाळणा बाजूला, आणि मगच "वर" अशी खूण. तुकडा हवेत असताना त्याच्याखाली कोणीही नको, मालकही नको.

खुणा करणारा माणूस एकच असावा. चालक बहुधा बाहेरगावचा असतो, कापणारा कोकणी बोलतो, घरधनी मराठीत ओरडतो आणि गर्दीतले दहा जण आपापल्या भाषेत सल्ला देतात. म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. तर्जनी वर करून गोल फिरवली म्हणजे वर, खाली करून फिरवली म्हणजे खाली, हात आडवा पसरून तळवा जमिनीकडे ठेवून हलवला म्हणजे थांब. "थांब" ही खूण मात्र कोणीही, अगदी लहान मुलानेही केली तरी चालकाने थांबावे.

आणखी एक. बुंधा उरला की लोक म्हणतात, "आता मुळासकट उपटून टाका की, क्रेन आहेच." हे कधीही करू नये. मुळांनी जमीन किती धरली आहे याचे वजन कोणालाच काढता येत नाही, आणि मूळ एकाएकी तुटले की क्रेन मागे फेकली जाते. क्रेनने उभे झाड बाजूला ओढणेही तसेच. तिचा बूम सरळ वर उचलण्यासाठी बनवलेला आहे, आडवे ओढण्यासाठी नाही. बुंधा जमिनीलगत कापून ठेवावा. वाळवी आणि पाऊस पुढचे काम फुकट करतील.

अपघात झालाच तर

उंचावरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. पाठीचा कणा दुखावला असेल तर अशा उचलण्याने तो जन्माचा पांगळा होतो. १०८ ला फोन करावा. डोके व मान हलू न देता तसेच धरून ठेवावे. हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी एकदम, दार किंवा फळीवर सरळ घ्यावे. करवतीची जखम असेल तर स्वच्छ कापडाची घडी जोराने दाबून धरावी, आणि रक्त थांबले का हे पाहायला सारखी उचलू नये. हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्या माणसाला जखम नसली तरी लवकर खाली घ्यावे. पाय लोंबकळत राहिल्याने रक्त खाली साचते आणि काही मिनिटांत घेरी येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. दवाखान्याचा रस्ता आणि गाडी सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेली असावी.

माडाविषयी

मेलेला माड वरून कुजत येतो. म्हणून त्याच्या वरच्या टोकाला बेल्ट बांधू नये, तिथले लाकूड भाकरीसारखे कुस्करते. जागा असेल तर माड जमिनीवरून पाडणेच बरे. जागा नसेल तर पाळण्यातून वरून लहान तुकडे करीत यावे आणि प्रत्येक तुकड्याला घट्ट लाकूड लागेल तिथेच बेल्ट आवळावा. मघाशी माडाला अपवाद म्हटले ते अशासाठी की, मेलेल्या माडाच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो व तिथेच त्याची हुमणीसारखी जाड पांढरी अळी वाढते. तिथून निघालेले भुंगे शेजारच्या जिवंत माडांचे कोंब खातात आणि त्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो. एक मेलेला माड असा बागेतले आणखी दोन-चार घेऊन जातो. म्हणून उतरवलेले तुकडे कुंपणाशी रचून ठेवू नयेत. उभे चिरून उन्हात सुकवावेत आणि पावसाळ्याआधी चुलीला वापरून संपवावेत. कुजलेला शेंड्याकडचा भाग फोडून आतल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाकाव्यात. शेणाच्या खड्ड्यातही याच अळ्या असतात, तेव्हा त्याच दिवशी खड्डाही उकरून पाहावा.